शेंडा, मधली, बुडाची : फरच्या जंगलात सहा दिवस

पहिला दिवस

"काका, मागे बसा, पण पाय जरा तिरपे घ्या," पुतणी म्हणाली. गाडीच्या मधोमध, पुढच्या काचेपासून मागच्या दारापर्यंत, ॲल्युमिनियमचे दांडे आडवे टाकले होते. एकात एक अडकवले की ते बारा मीटरपर्यंत लांबतात. टोकाला कात्री, कात्रीखाली कापडी झोळी. कोकणात आंबे उतरवायला झेला वापरतात, तसंच हे प्रकरण. फक्त या झेल्यात आंबे नाही, अळ्या पडायच्या होत्या.

मी यवतमाळ जिल्ह्यात कृषी सहायक होतो. सगळी नोकरी कपाशीच्या ओळींत गेली, त्यामुळे मान कायम खाली. पुतणी कॅनडातल्या न्यू ब्रुन्सविक प्रांतात जंगलातल्या किडींवर शिकते, तिची मान उन्हाळाभर वर. दोन महिने तिच्याकडे राहायला आलो, तर म्हणाली, "सर्वेक्षणाला चलता का? फर नावाच्या सूचिपर्णी झाडांवरच्या अळ्या मोजायच्या आहेत, नोंदी लिहायला माणूस कमी आहे." मजुरी काही नाही, खाणं-पिणं तिच्याकडे. निवृत्त माणसाला कुणी कामाला हाक मारली की तो पंचांग बघत बसत नाही.

जूनचा तिसरा आठवडा. फ्रेडरिक्टनहून उत्तरेकडे निघालो. रस्ता मिरामिची नदीची सोबत धरून जातो आणि दोन्ही बाजूंना झाडंच झाडं. पहिला तासभर मी "वा, वा" करत होतो, दुसऱ्या तासाला डोळा लागला. सलग तीच ती हिरवाई माणसाला गुंगी आणते.

मिरामिची गावात चहाला थांबलो. नदी रुंद आणि गडद. सॅमन माशांसाठी तिचं नाव आहे. पुतणीनं गाडी तिथं मुद्दाम थांबवली होती. १९५२ पासून या प्रांतात विमानातून जंगलावर डीडीटी फवारायला सुरुवात झाली, तीही आम्ही जिच्या मागावर निघालो होतो त्याच अळीसाठी. १९५४ च्या जूनमध्ये या नदीच्या वायव्य शाखेच्या खोऱ्यावर फवारणी झाली आणि त्या वर्षीची सॅमनची पिल्लं जवळजवळ सगळी गेली. ती ज्यांच्यावर जगतात, ते पाण्यातले किडेही गेले. झाडाच्या शेंड्यावरच्या अळीसाठी टाकलेलं औषध नदीच्या तळापर्यंत पोचलं. मी काही बोललो नाही. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हापासून फवारणीचा विषय निघाला की मी चहात लक्ष घालतो.

संध्याकाळी कॅम्पबेल्टनला पोचलो. रेस्टिगूश नदीच्या काठावर स्टेनलेस स्टीलचा एक भलामोठा सॅमन उभा आहे. त्याच्या पुढ्यात फोटो काढला, मोटेलवर खिचडी टाकली, झोपलो. बाहेर साडेनऊलासुद्धा उजेड होता.

दुसरा दिवस

टोळीत मी धरून पाच जण. दोन पोरं कॉलेजातली, एक पुतणी आणि एक मुखिया बाई. बाई पन्नाशीच्या, अकेडियन, म्हणजे इथल्या जुन्या फ्रेंच वसाहतवाल्यांच्या वंशातल्या, फ्रेंचमध्ये सुरू झालेलं वाक्य इंग्रजीत संपवणाऱ्या. मी त्यांना मनातल्या मनात मुकादमीणबाई म्हणू लागलो. सकाळी त्यांनी माझ्या हातात जाळीचं जॅकेट दिलं, डोक्यावरून ओढायचं, चेहऱ्यासकट. मी म्हटलं, एवढं कशाला. दहा मिनिटांत कळलं कशाला. इथली काळी माशी तिळाएवढी असते आणि चावते म्हणजे कातडीचा तुकडाच घेते. कानामागून रक्त आलं. आपल्याकडची चिलटं म्हणजे अगदी सुशील.

लाकडाच्या ट्रकांनी खड्डे पाडलेल्या रस्त्यानं आत गेलो. झाडं ओळखायचा पहिला धडा पुतणीनं दिला. "सुई तोडा आणि अंगठा-तर्जनीत फिरवून पाहा. गोल फिरली तर स्प्रूस. चपटी असेल, फिरणार नाही, तर फर." इथं जास्त करून बाल्सम फर. अळीचं नाव मात्र स्प्रूस बडवर्म. नाव एकाचं, जीव दुसऱ्याचा. स्प्रूस ती खातेच, पण सर्वात जास्त बळी पडतो हा बाल्सम फर. मी तिला कोंबअळी म्हणायचं ठरवलं, कारण ती खाते ते कोंब.

फरच्या गुळगुळीत खोडावर फोड आलेले असतात. पुतणीनं नखानं एक फोड फोडला आणि स्वच्छ, चिकट राळ बोटावर आली. "काका, ओळखा." वास ओळखीचा होता, पण आठवेना. "कॅनडा बाल्सम!" अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकताना कीटकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मावा आणि फुलकिड्यांच्या काचपट्ट्या आम्ही याच राळेत बसवायचो. बाटलीवर नाव असायचं, पण ती कुठल्या झाडाची, कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. इतक्या वर्षांनी ते झाड समोर उभं होतं. किड्याला काचेवर चिकटवून ठेवणाऱ्या राळेचं झाड किडाच खात होता, याची गंमत वाटली.

मग काम. हाताला येणारी खालची फांदी मी मोठ्या उत्साहानं धरली, टोकाचे पंचेचाळीस सेंटीमीटर कापले, उलटीपालटी केली. नवे पोपटी कोंब छान फुटलेले, एकदोन ठिकाणी जाळी, बाकी स्वच्छ. वहीत लिहून टाकलं : प्रादुर्भाव किरकोळ.

मुकादमीणबाईंनी वही वाचायचा प्रयत्न केला (मराठी होती), मग पुतणीकडून अर्थ ऐकला आणि नुसतं वर बोट केलं.

दांडे जोडून त्यांनी मधल्या उंचीवरची फांदी कापली. ती झोळीत पडली. मग वरच्या तिसऱ्या भागातली. बारा मीटरचा दांडा टोकावर डोलत असताना नेमकी फांदी पकडणं म्हणजे हत्तीवर बसून सुईत दोरा ओवणं. एका पोराचे हात थरथरत होते. फांदी खाली आली तेव्हा तिच्यावरचे नवे कोंब एकमेकांना रेशमानं शिवून टाकले होते, जणू कुणी घाईघाईत गोधडीला टाके घातले. त्यात कुरतडलेल्या सुया आणि विष्ठेचे बारीक दाणे अडकलेले.

मी एक कोंब दोन अंगठ्यांनी उकलला. आत अळी. अंग तपकिरी, त्यावर फिक्या ठिपक्यांच्या जोड्या, डोकं काळसर आणि चकचकीत. उजेड लागताच ती मागे सरकली. ही अळी पुढे पळत नाही, उलटी पळते, अंग झटके देत. फांदीच्या कडेवर आली, क्षणभर थांबली आणि धाग्यावर खाली सुटली. माझ्या नाकासमोर गिरक्या घेत लोंबकळत राहिली. झोळी कशासाठी ते तेव्हा कळलं. झोळी नसेल तर वरच्या फांदीवरच्या अर्ध्या अळ्या खाली येईपर्यंत वाटेतच उतरून जातात, आणि मोजणारा म्हणतो, वर काही नव्हतं.

वर जास्त का, हे दुपारी डबा खाताना समजून घेतलं. जुलैत मादी पतंग अंडी घालते, सुईवर वीसेक अंड्यांचे पुंज, ते जास्त करून उन्हातल्या वरच्या, बाहेरच्या फांद्यांवर. अंड्यातून निघालेली अळी काहीच खात नाही. सालीच्या खवल्याखाली किंवा जुन्या फुलाच्या टरफलात रेशमाचा इवलासा कोश विणून आतच एकदा कात टाकते आणि अख्खा हिवाळा झोपून काढते, पार मे महिन्यापर्यंत. जागी झाली की उजेडाकडे चालते, म्हणजे फांदीच्या टोकाकडे. तेव्हा कोंब अजून मिटलेले असतात, म्हणून आधी जुनी सुई पोखरते किंवा नरफुलांमधले परागकण खाते. नरफुलं असतात झाडाच्या वरच्या भागात. थोडक्यात, आईनं वर ठेवलं, उजेडानं टोकाला नेलं आणि पहिलं जेवणही वरच वाढलं. खालच्या फांदीला काय पडलंय?

डब्यात पुतणीनं केलेली थालीपीठं होती. काळ्या माश्यांनी त्यांच्यावरही बसून पाहिलं.

तिसरा दिवस

पाऊस. ओल्या फांद्या मोजत नाहीत. मोटेलवरच बसलो.

मोटेलच्या बाईंना मी काय करतो ते कळल्यावर त्यांनी २०१६ च्या जुलैतली रात्र सांगितली. क्यूबेककडून वाऱ्यावर पतंगांचे थवेच्या थवे आले आणि कॅम्पबेल्टनमध्ये दिव्यांखाली उतरले. सकाळी रस्त्यावर, दुकानांच्या पायऱ्यांवर थर. "फावड्यानं ओढले," त्या म्हणाल्या आणि हातानं उंची दाखवली. हात जरा जास्तच वर गेला असावा, पण घटना खरी, तेव्हा बातम्यांत फोटो आले होते. एवढासा, करड्या-तपकिरी रंगाचा, बोटाच्या पेराएवढा पतंग, वादळाच्या पुढच्या टोकावर स्वार होऊन नदी-खाडी ओलांडून येतो. एका झाडात कुठं बसला आहे हे शोधायला आम्ही दांडे जोडतो, तेवढ्यात तो प्रांत बदलतो.

ही कीड काही बाहेरून आलेली नाही, इथलीच आहे. तीस-चाळीस वर्षांनी तिचा एकदा प्रकोप होतो. गेल्या शतकात तीन मोठे झाले. शेवटचा १९७५ च्या सुमाराला शिगेला होता तेव्हा पूर्व कॅनडा आणि अमेरिकेतलं पाच कोटी हेक्टरांवर जंगल तिनं खाल्लेलं होतं. अख्खा महाराष्ट्र तीन कोटी हेक्टरांचा. सध्याचा प्रकोप क्यूबेकच्या उत्तर किनाऱ्यावर २००६ मध्ये सुरू झाला.

दुपारी पुतणीनं लॅपटॉपवर एक जुना निबंध उघडला. १९५५ चा. लेखक आर. एफ. मॉरिस, याच प्रांतातले. वायव्येला ग्रीन रिव्हरच्या खोऱ्यात १९४० च्या दशकाच्या मध्यापासून पुढे वर्षानुवर्षं या अळीची मोजदाद चालली आणि तिथं पहिला प्रश्न हाच आला : झाडावर किती, हे कसं म्हणायचं? झाडागणिक म्हणावं तर झाडं लहान-मोठी. फांदीगणिक म्हणावं तर फांद्या लहान-मोठ्या. म्हणून फांदीचा पसारा मोजून दर दहा चौरस फुटांमागे किती, असा हिशेब धरला. आणि झाडाच्या कोणत्या थरातून फांदी घ्यावी? वर गर्दी, खाली विरळ. मधल्या थरातली फांदी घेतली तर ती साऱ्या झाडाच्या सरासरीच्या जवळपास जाते. आजही इथं मधली फांदी कापतात ती त्यामुळेच.

मला एकदम हुरूप आला. "अगं, हे तर आमचंच!" कपाशीत तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी मोजताना आम्ही झाडाची तीन पानं घ्यायचो, एक वरचं, एक मधलं, एक खालचं, आणि सरासरी काढायचो. तुडतुडे पानामागे दोन झाले की आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे आता उपाय केलाच पाहिजे. हे पाठ होतं. पण तीनच पानं का, आणि तीन थरांचीच का, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. पुतणी म्हणाली, "बाप्पा काका, तुम्ही तर आयुष्यभर हेच केलं." मी हो म्हटलं. ते हो जरा घाईचं होतं, त्याबद्दल पुढे येईलच.

पाऊस थांबेना, तेव्हा तिनं पक्ष्यांचं सांगितलं. अमेरिकेत मेन आणि व्हरमाँटच्या जंगलात रॉबर्ट मॅकआर्थर यांनी पाच जातींचे वॉर्बलर पाहिले, आपल्या वटवट्यांएवढे चिमुकले पक्षी, पाचही अशाच सूचिपर्णी झाडांवर किडे टिपणारे. १९५८ साली त्यांनी छापलं ते असं, की झाडाचे उंचीचे दहा-दहा फुटांचे थर आणि प्रत्येक थराचे खोडापासून टोकापर्यंत भाग पाडून कोण किती वेळ कुठं घालवतो ते मांडलं. केप मे वॉर्बलर शेंड्याच्या बाहेरच्या भागात, बे-ब्रेस्टेड मधल्या उंचीवर आत, यलो-रम्प्ड बुडाकडे जास्त. एकाच झाडाच्या चाळीत पाच भाडेकरू, मजले वाटून घेतलेले. आणि यातल्या केप मे आणि बे-ब्रेस्टेड यांचं भाग्य या अळीशी बांधलेलं. अळी वाढली की ते जास्त अंडी घालतात. खिडकीबाहेर एक पक्षी फरच्या टोकावर ओला होऊन बसला होता. कोणता ते मला सांगता आलं नाही.

चौथा दिवस

पूल ओलांडला की क्यूबेक. पुलाच्या अलीकडे आठ, पलीकडे सात. घड्याळात एक तास मागे जातो. मुकादमीणबाईंनी याचा फायदा घेऊन आम्हाला तासभर लवकर उठवलं होतं.

क्यूबेकमध्ये थांबा म्हणायच्या लाल अष्टकोनी पाटीवर फ्रेंच शब्द असतो, त्याचा उच्चार साधारण 'आरे'. चौकाचौकात पाटी ओरडते, आरे! गाडी थांबवायला यापेक्षा मराठी शब्द कोणता? दिवसभर मी प्रत्येक पाटीला मोठ्यानं वाचत होतो, शेवटी पोरंही "अरे" म्हणू लागली.

मातापेडिया खोऱ्यात शिरलो तसे डोंगराचे उतार बदलले. लांबून हिरवे, पण हिरव्याच्या वर एक करडी रेघ. दुर्बिणीतून पाहिलं तर ती रेघ म्हणजे शेंडे. झाड हिरवं आणि शेंडा वाळून काठी. दोन-तीन वर्षं वरचे कोंब सलग खाल्ले गेले की आधी शेंडा मरतो. चार-पाच वर्षं जबर खाल्लं तर अख्खा फर मरतो. मधे मधे काळे स्प्रूस मात्र बरे दिसत होते. त्यांचे कोंब फरपेक्षा दोनेक आठवडे उशिरा फुटतात. अळी जेवायला बसते तेव्हा ताट मांडलेलंच नसतं.

एका फांदीवर उलटाच प्रकार. टोकाचे नवे कोंब शाबूत आणि मागच्या, गेल्या वर्षांच्या सुया कुरतडून तूस राहिलेलं. मी म्हटलं, ही अळी वेडी आहे. ती आमची अळी नव्हतीच. बाल्सम फर सॉफ्लाय, मोहरीवर येणाऱ्या काळ्या सॉफ्लायची दूरची बहीण. दिसते अळीसारखी, पण पतंग होत नाही, होते गांधीलमाशीच्या नात्यातली माशी. ती घोळक्यानं बसते आणि जुन्या सुया खाते, नव्यांना शक्यतो हात लावत नाही. फर आपल्या सुया वर्षानुवर्षं गाळत नाही, म्हणून एकाच फांदीवर बुडापासून टोकापर्यंत अनेक वर्षांच्या सुया ओळीनं असतात, गर्द हिरव्यापासून पोपटीपर्यंत. किडींनी हीच वाटणी केलेली. मी तोवर नुसता उभा विचार करत होतो, वर-मध्ये-खाली. आडवा थर त्या दिवशी दिसला. खोडाजवळ कोण, टोकाला कोण.

संध्याकाळी गोंधळ झाला. पिशव्यांवर चिठ्ठ्या लावायचं काम माझं. मी सवयीनं 'शें', 'म', 'बु' लिहून मोकळा. मुकादमीणबाई पिशवी डोळ्यांजवळ नेऊन, लांब नेऊन, उलटी धरून बघत राहिल्या. त्यांना वाटलं मी चित्र काढलंय. पुतणीनं त्यांना तिन्ही अक्षरं कागदावर काढून दिली आणि त्यांनी तो कागद गाडीच्या काचेला चिकटवला. इंग्रजीत पुन्हा लिहायला सांगितलं नाही, हे मला आवडलं.

जेवायला पुटीन घेतलं. तळलेल्या बटाट्यांवर चीजचे गोळे आणि वरून गरम रस्सा. वर थोडी शेंगदाण्याची चटणी भुरभुरली, मग बरं लागलं.

पाचवा दिवस

आज एकच झाड.

एरवी झाड उभं ठेवून फांद्या घेतात. पण वर्षातून एखादं झाड पूर्ण मोजतात, आपली फांद्यांची गणितं अजून खरी आहेत का ते तपासायला. झाड निवडलेलं, अकरा मीटरचं. धाडकन पाडलं तर सगळ्या अळ्या झटकल्या जातात, म्हणून दोर लावून, खाली ताडपत्र्या अंथरून ते हळूहळू आडवं केलं. आमच्याकडे शेंदूर फासलेला देव हलवतात तितक्या जपून.

मग शेंड्यापासून सुरुवात. फर दरवर्षी फांद्यांचा एक फेर टाकतो, त्यामुळे वरून खाली येणं म्हणजे वर्षं मागे जाणं. पोरं फेर मोजत होती, मी लिहीत होतो. दुसऱ्या दिवसापासून माझं डोकं पक्कं झालेलं. शेंड्यात गर्दी, मध्ये सरासरी, बुडाला किरकोळ. वहीत रकाने आखतानाच शेंड्याचा रकाना मी रुंद ठेवला होता.

पहिल्या तीन फेरांत जवळजवळ काही नाही.

मी म्हटलं, दोरानं उतरवताना पडल्या असतील. ताडपत्री पाहिली, थोड्याच होत्या. फांद्या पुन्हा पाहिल्या. कोंबांच्या जागी नुसती काटकी, तिच्यावर जुन्या जाळ्या, लाल पडलेला भुसा, अळ्यांनी टाकलेल्या काती. मुकादमीणबाई गुडघ्यावर बसल्या आणि त्यांनी पहिल्यांदाच मला सावकाश इंग्रजीत समजावलं. इथं सगळ्यात जास्त होत्या. संपवलं आणि गेल्या. वरचं ताट रिकामं झालं की अळी धागा सोडून खाली येते. मधे जे मिळेल ते खाते, नव्या सुया संपल्या तर जुन्याही खाते, आणि तिथंही संपलं तर झाडाखालच्या रोपांवर उतरते. ताडपत्रीच्या कडेला फरची गुडघ्याएवढी रोपं होती. त्यांचे कोंबही शिवलेले.

म्हणजे मी जे दोन दिवसांत शिकलो, ते एका आठवड्याचं आणि एका गर्दीचं खरं होतं. अळी कुठं आहे हे विचारताना कधी, हे विचारावंच लागतं. मे महिन्यात सालीखाली. मग जुन्या सुईच्या आत. मग कोंबात. आणि गर्दी वाढली की खाली. कात टाकत ती सहा अवस्था पार करते आणि शेवटच्या, सहाव्या अवस्थेत बहुतेक सगळं खाणं उरकते. म्हणून फवारायला तोपर्यंत थांबलं तर उशीर, फार लवकर गेलं तर ती बंद कोंबात, औषध लागत नाही. आता इथं डीडीटी नाही, बीटी फवारतात. आपल्या बीटी कपाशीत ज्या जिवाणूचं जनुक घातलं त्याच जातीचा हा जिवाणू. फक्त इथं तो झाडात नसतो, झाडावर पडतो, आणि अळीनं तो खाल्ला तरच मरते. कोंब उघडलेला हवा आणि अळी तिथंच जेवत असलेली हवी.

मधल्या फेरांवर आलो तेव्हा मोजताना हात दुखायला लागले. एकेका कोंबात एक, कधी दोन. मी आकडे लिहायचे थांबवून गठ्ठ्यानं रेघा मारू लागलो, बाजारात पोती मोजतात तशा चार उभ्या एक आडवी. बुडाकडे पुन्हा विरळ, पण दुसऱ्या दिवशीच्या झाडाइतकं नाही. एक झाड सकाळपासून अंधार पडेपर्यंत पुरलं, आणि इथं अंधार दहाला पडतो.

रात्री झोप येईना. नोकरीतल्या शेवटच्या काही वर्षांतला एक हंगाम आठवत होता. एका कार्यक्षेत्रात इतकी गावं, दर आठवड्याला निरीक्षणं, गुडघाभर चिखल. मी काही आठवडे बांधाच्या कडेची झाडं पाहून रकाने भरले. आत गेलो नाही. तीन पानं घेतली, पण कुणाची? बांधाजवळच्या, हाताला येणाऱ्या झाडांची. पुढे २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळी आली, ती तर बोंडाच्या आत, बाहेरून बोंड हिरवंगार. फोडून पाहिलं तरच दिसणारी. माझ्या त्या रकान्यांमुळे काही झालं असं नाही, हंगाम वेगळा होता. पण सकाळी पुतणीला सांगितलं. ती म्हणाली, "बांधावरून म्हणजे खालची फांदी ना काका?" आणि दात घासायला गेली.

सहावा दिवस

परत. येताना पोरं झोपलेली, मी जागा. संध्याकाळी फ्रेडरिक्टनच्या प्रयोगशाळेत पिशव्या थंडीत ठेवायला गेलो. हिवाळ्याची मोजणी कशी करतात ते पुतणीनं तिथल्या रिकाम्या टाक्या दाखवून सांगितलं. झोपलेली अळी डोळ्यांना दिसत नाही, ती सालीखाली. मग मधल्या थरातली पंचाहत्तर सेंटीमीटरची फांदी कापून आणतात, कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात भिजवतात, रेशमी कोश सुटतात, ते पाणी गाळून सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. न्यू ब्रुन्सविकमध्ये २०१४ पासून, प्रकोप वाढायची वाट न बघता, जिथं फांदीला सरासरी सात अळ्या निघाल्या तिथं आधीच फवारायचं असं धोरण आहे. सात. आमच्या पानामागे दोन तुडतुड्यांसारखाच हा आकडा, आणि तोही एका फांदीवर उभा.

शीतगृहातल्या फळीवर पिशव्यांची रांग लागली. शें, म, बु, शें, म, बु. मुकादमीणबाईंनी तो काचेवरचा कागद काढून फळीला लावला.

बोटांची राळ साबणानं जात नव्हती. शेवटी शेंगदाण्याचं तेल चोळलं. तेवढ्यात यवतमाळहून भावाचा फोन. तिकडे सकाळ.

"काहून रे, जंगल पाह्यलं का?"

"हो."

"किती झाडं असतील?"

"एक," मी म्हटलं. "पूर्ण पाहिलं असं एक."

तो हसला. मग म्हणाला, आर्द्रा लागली तरी पाऊस नाही, बियाणं आणून ठेवलंय, पेरायचं की थांबायचं तू सांग.